बदलापूर ते दादर: रोजचे चार तास कुठून आणायचे?

पत्र:

"ताई, मी एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे, कॉलेज मुंबईत, घर बदलापूरला. हॉस्टेल मिळालं नाही, सीनियर म्हणाले बदलापूरवाल्यांना देतच नाहीत, म्हणून मी अर्जच केला नाही. पावणेपाचला उठते, सहाच्या आसपासची लोकल, आठचं लेक्चर. संध्याकाळी घरी यायला पावणेआठ, कधी साडेआठ. जेवून पुस्तक उघडलं की तिथेच डोळा लागतो. लोकल लेट झाली की पहिलं लेक्चर जातं, अटेंडन्स कमी पडतेय. सगळे सांगतात ट्रेनमध्ये अभ्यास कर, माझ्याकडून होत नाही. डिसेक्शन, म्हणजे मृतदेहावरचं प्रॅक्टिकल, असलं की केसांना त्या फॉर्मलिन रसायनाचा वास येतो आणि डब्यातल्या बायका तोंड फिरवतात. आई माझ्या डब्यासाठी चारला उठते आणि मी घरी येऊन तिच्यावरच चिडते. बाबा म्हणतात स्वतःचं घर असताना बाहेर कशाला राहायचं, लोक करतातच की अप-डाऊन. परवा वाटलं दादरला उतरूच नये, गाडी जाईल तिथे जावं. मी कमी पडतेय का?"

उत्तर:

नाही गं, कमी पडत नाहीयेस. तुझ्या पत्रातल्या वेळा मी कागदावर मांडून बघितल्या. घराच्या दारापासून कॉलेजच्या गेटपर्यंत रिक्षा, लोकल, चालणं सगळं धरून जवळपास दोन तास, येताना तेवढेच किंवा जास्तच, म्हणजे रोजचे चार, आणि शनिवार धरून सहा दिवस, म्हणजे आठवड्याचे चोवीस तास झाले. एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र तू दर आठवड्याला प्रवासात घालवतेस. तुझ्या शेजारी बसणाऱ्या हॉस्टेलच्या मुलीकडे ते चोवीस तास आहेत आणि तुझ्याकडे नाहीत, पण ॲनॅटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री दोघींना तेवढीच आहे आणि पेपरही एकच आहे. यात तुझी हुशारी किंवा जिद्द कुठे कमी पडली ते मला तरी दिसत नाही, वेळच कमी आहे.

पुढचं लिहायच्या आधी तुझं ते दादरचं वाक्य. खूप दमलेल्या माणसाला कुठेतरी निघून जावंसं वाटतं, बहुतेक वेळा त्याचा अर्थ "मला झोपू द्या" एवढाच असतो. पण मी तुझ्यासमोर बसलेली नाहीये, तुझा चेहरा मला दिसत नाहीये, म्हणून सरळच विचारते, कधी जगणंच नको असं वाटलंय का? वाटलं असेल किंवा पुढे कधी वाटलं तर त्याच दिवशी आईला सांग आणि १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री पण चालू असते, मराठीत बोलता येतं. आपल्याच कॉलेजच्या सायकिॲट्री ओपीडीत गेलं तर बॅचमध्ये कळेल ही भीती मेडिकलच्या मुलांना फार असते, म्हणून मुद्दाम बाहेरचा नंबर देतेय. ओपीडीत जायला हरकत नसेल तर जा, तिथले लोक रोज हेच बघतात.

आता मुद्द्याचं. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर कॉलेजजवळ राहणं हेच आहे, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय. पण ते जमेपर्यंत महिना-दोन महिने जातील आणि त्या दिवसांत लोकल सुटणार नाही, म्हणून आधी लोकलचं बोलू.

ट्रेनमध्ये अभ्यास कर हा सल्ला देणारे बहुतेक एकतर बसून प्रवास करतात किंवा त्यांना मेडिकलचं पुस्तक केवढं असतं ते माहीत नसतं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात वरची कडी, पाठीवर कोणाची तरी पर्स, यात पान कुठल्या हाताने उलटायचं? होत नाही म्हणून स्वतःला बोल लावणं आजपासून बंद कर. सकाळच्या गाडीत जागा मिळाली तर झोप, बिनधास्त झोप, शेजारच्या मावशींना सांग घाटकोपर आलं की उठवा, त्या उठवतात. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते आणि तुझी जेमतेम पाच होतेय, दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम झोपेतच होतं, फिजिऑलॉजीत तुला हे शिकवतीलच. म्हणजे रात्री पेंगत, डोळे ताणून तू जे वाचतेस त्यातलं बरंचसं तुझ्या हाती लागतच नाही. म्हणून साडेदहाला लाइट बंद. जेवणानंतर फार तर एक तास वाच, आणि तो पण त्या दिवशी शिकवलेलंच, नवीन काही नको. तरी झोप सहा तासांच्या वर फारशी जात नाही, बाकीची सकाळच्या गाडीत आणि रविवारी भरून काढ.

उभी असशील तर पुस्तक नको, पण एक गोष्ट करता येते आणि ती मला फार उपयोगी पडली होती, मी अंबरनाथहून ये-जा करायचे तेव्हा. अपर लिंब, म्हणजे हाताचा भाग, चालू असेल तर तुझा स्वतःचा हात तिथे कडीला लटकलेला असतोच. हात अंगापासून बाजूला उचलायला सुरुवात सुप्रास्पायनॅटस हा स्नायू करून देतो, साधारण पहिले १५ अंश, मग ९० पर्यंत डेल्टॉइड, आणि डोक्याच्या वर कडीपर्यंत न्यायचा तर सेरॅटस अँटिरियर आणि ट्रॅपेझियस खांद्याचं हाड फिरवतात तेव्हाच तो जातो. मग मनात विचारायचं, यातली कुठली नर्व्ह गेली तर मला कडी धरता येणार नाही? लाँग थोरॅसिक गेली तर काय दिसेल, ॲक्सिलरी गेली तर काय दिसेल? व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, अगदी हेच विचारतात. गाडी दिवा-मुंब्रा करेपर्यंत एक सांधा होतो. नाही झाला तर नाही झाला, नुसती खिडकीबाहेर बघत उभी राहिलीस तरी चालेल.

सकाळी बदलापूरहून सुटणारीच गाडी धर, कर्जतहून येणारी आधीच भरलेली असते, त्यासाठी दहा मिनिटं लवकर निघावं लागलं तरी बसून जायला मिळतं आणि ती दहा मिनिटं झोपेत परत येतात. संध्याकाळी दादरला फास्ट पकडायचा हट्ट मात्र सोडून दे. सहाच्या सुमाराला दादरच्या लेडीज डब्यात शिरणं म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको. परळहून सुटणाऱ्या लोकल आहेत, २०१९ पासून तिथून गाड्या सुटतात, परळ टर्मिनस झालं तेव्हापासून. स्लो असतात, वेळ जास्त लागतो, पण कल्याणपर्यंत बसून, पाय थोडे मोकळे करून येता येतं, आणि कल्याणहून पुढची बदलापूर-कर्जत पकडायची, तिथून चारच स्टेशनं. घरी थोडी उशिरा पोचशील पण माणसात असशील, आईवर ओरडणार नाहीस. काही मुली सीएसएमटीपर्यंत उलट जाऊन जागा धरून रिटर्न येतात, परळहून बसायचं असो की सीएसएमटीहून, पास बघ आधी, दोन्ही स्टेशनं दादरच्या पुढे आहेत, स्टुडंट कन्सेशनचा पास घर ते कॉलेजच्या स्टेशनपुरताच असतो, त्यापुढे वेगळं तिकीट लागतं, टीसीने धरलं की दंड होतो आणि तो दिवस रडण्यात जातो. आणि पास महिन्याचा काढत असशील तर तीन महिन्यांचा काढ, फॉर्मसाठी ऑफिसच्या आणि पाससाठी खिडकीच्या रांगेत दर महिन्याला उभं राहायची गरज नाही. फर्स्ट क्लासचा विचार मनात आला असेल, घरचे हो म्हणत असले तरी माझं मत नको असंच आहे. लेडीज फर्स्ट क्लासचा डबा एवढासा असतो, गर्दीच्या वेळी तिथेही उभंच राहावं लागतं, तेच पैसे राहायच्या सोयीसाठी ठेव.

दारात मात्र उभी राहू नकोस, कितीही उशीर झालेला असो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यातले काही जण गेले, ते तुझ्याच लाइनवर, तुझ्याच वेळेला कामाला निघालेले लोक होते. गाडी सोड, लेक्चर सोड. एका लेक्चरचं काय करायचं ते बघता येतं.

लेक्चरचंच घ्यायचं तर नियम असा आहे की थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, त्याशिवाय युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसू देत नाहीत, आणि ती विषयवार बघतात, सगळं एकत्र करून नाही. आता बघ, गाडी लेट झाली की तुझं नेहमी आठचंच लेक्चर जातं. म्हणजे फटका सगळ्या विषयांना सारखा बसत नाही, ज्या विषयाचे तास सकाळी पहिले आहेत त्यालाच बसतो, आणि एकूण हजेरी ठीक दिसत असताना तो एक विषय गुपचूप खाली जातो. म्हणून वहीच्या मागच्या पानावर तीन विषयांचे तीन रकाने कर, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं, रोज घरी येताना टिक मार, आणि महिन्यातून एकदा डिपार्टमेंटच्या क्लार्ककडे जाऊन त्यांच्या रजिस्टरशी ताडून बघ. कमी पडायला लागलं की लगेच तुझ्या मेंटॉरकडे जा, प्रत्येक बॅचला मेंटॉर टीचर नेमलेले असतात, बहुतेक मुलं वर्षभर त्यांचं तोंडही बघत नाहीत. त्यांना सांग मी बदलापूरहून येते, या तारखांना गाड्या लेट होत्या, मी आले होते पण वीस मिनिटं उशिरा. शिक्षक माणसंच आहेत, त्यातलेही बरेच लोकलने येतात. टर्म संपताना रडत आलेल्या मुलीसाठी त्यांना काही करता येत नाही, महिनाभर आधी सांगितलेलं असलं तर बुडालेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करून घ्यायला बरेचदा देतात. मैत्रिणीकडून खोटी हजेरी, प्रॉक्सी, लावून घेऊ नकोस, पकडली गेलीस तर तुझ्याबरोबर मैत्रीणही अडकते.

फॉर्मलिनचं. तो वास केसांत आणि कापडात धरून बसतो. डिसेक्शनसाठी ॲप्रन वेगळाच ठेव, तो रोज घरी आणूच नकोस, कॉलेजात लॉकर असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून तिथे, आणि आठवड्याला घरी आणून वेगळा धू. केस पूर्ण झाकणारी टोपी घाल, सर्जिकल कॅप मिळतात स्वस्तात, नुसता रबर बांधून उपयोग नाही. निघताना कुर्ता बदल, हात कोपरापर्यंत साबणाने धू, ओढणी डिसेक्शन हॉलमध्ये नेऊच नकोस. एवढं केलंस की डब्यात कोणाला कळणार नाही. आणि कळलं तरी मान खाली घालू नकोस. त्या टेबलावर जो माणूस आहे त्याच्या देहावर तू शिकतेयस, त्याच्याजवळ दोन तास बसून आलेल्या मुलीने कशाला संकोचायचं. हाडं मात्र लोकलमधून नेऊ नकोस, काही मुलं फीमर, म्हणजे मांडीचं हाड, पिशवीतून बाहेर डोकावत असताना आणतात, लोक घाबरतात ते एक आणि त्या हाडाचा मान राहत नाही ते दुसरं. हाडं कॉलेजातच बघ, घरी फोटो आणि ॲटलासवर भागव.

पावसाळ्याची तयारी आत्ताच करून ठेव. कुर्ला-सायनला पाणी भरलं की तू इकडे नाहीतर तिकडे अडकणार, आणि तुमच्या बाजूला उल्हास नदी आहे, २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात उभी होती ते तुझ्या घरच्यांना चांगलं आठवत असेल. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पावसाळ्याआधी जाहीर होतात, ते फोनच्या कॅलेंडरमध्ये टाक. त्या दिवशी जोराच्या पावसाचा इशाराही असेल तर घरून निघूच नकोस. कॉलेजात एक जोडी कपडे, टॉवेल, टूथब्रश, पॅड्स, चार्जर आणि थोडा सुका खाऊ कायम ठेव, आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मैत्रिणीशी आजच बोलून ठेव की अडकले तर रात्री तुझ्याकडे येईन, वॉर्डन मॅडमनाही आधी विचारून ठेव. संध्याकाळी सहाला गुडघाभर पाण्यात उभं राहून हे सगळं ठरवता येत नाही. रुळावरून चालत मात्र कधीही निघायचं नाही.

आईचं वाचून मला वाईट वाटलं, तुझं आणि तिचं दोघींचं. ती पण पाच तास झोपतेय गं. तुम्ही दोघी एकाच गोष्टीने दमलेल्या आहात आणि रात्री आठला दाराशी एकमेकींना भेटता. सकाळचा डबा बंद करायला सांग, कॉलेजच्या कँटीनमध्ये पोळी-भाजी किंवा इडली मिळते, सोबत रात्रीच भाजलेले शेंगदाणे, चिक्की, केळी भरून ठेव. तिला वाटेल लेकीला माझ्या हातचं नको झालं, म्हणून कारण नीट सांग, "तू पावणेपाचपर्यंत झोपलीस तर मला बरं वाटेल" असं म्हण. आणि घरी आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं कोणी काही विचारायचं नाही, हातपाय धुऊन चहा घेऊ द्यायचा, एवढं घरात सगळ्यांना सांगून टाक. तू चिडकी झालेली नाहीयेस, दिवसभर उभी होतीस. रविवारी तिच्याबरोबर बाजारात जा, अभ्यास संध्याकाळी. शेजारपाजारचे लोक रिपोर्ट घेऊन येत असतील, फर्स्ट इयरला सगळ्यांकडेच येतात, त्यांना "मी अजून शिकतेय काकू, डॉक्टरांनाच दाखवा" एवढं बोलून मोकळी हो. गोळीचं नाव तर अजिबात सांगू नकोस.

आता बाबा आणि हॉस्टेल. बाबा म्हणतात लोक करतातच की अप-डाऊन. करतात, खरंय, लाखो लोक करतात, पण ऑफिसला जाणारा माणूस घरी आला की त्याचं त्या दिवसाचं काम बहुतेक संपलेलं असतं. तुझं अर्धं काम घरी आल्यावर सुरू होतं. हे तोंडी सांगून पटणार नाही. बाबांना एक दिवस रजा काढायला सांग आणि सोबत ने, तुझ्याच सहाच्या गाडीने, ते जेन्ट्स डब्यात का असेनात, दिवसभर मुंबईत एखाद्या नातेवाइकाकडे थांबू देत, आणि संध्याकाळी दादरहून परत. त्या रात्री जेवणं झाली की टाइमटेबल समोर ठेव आणि विचार, बाबा, आता साडेनऊ वाजलेत, तुम्हाला आत्ता दोन तास हिशेब लिहायला सांगितले तर लिहाल का? भांडू नकोस, विचार फक्त. आणि कायमचं मागू नकोस. फर्स्ट इयरची परीक्षा होईपर्यंत सोमवार ते शनिवार, शनिवारी दुपारी घरी, असं माग. बापाला मुलगी घरातून गेली याची भीती असते, दर शनिवारी ती येते हे दिसलं की ती भीती कमी होते.

"बदलापूरवाल्यांना देत नाहीत" हे सीनियरच्या तोंडचं वाक्य आहे, ऑफिसचं नाही. लांबच्या जिल्ह्यातल्या मुलींना आधी देतात हे खरं आणि योग्यच आहे, नंदुरबारच्या मुलीला दुसरा पर्यायच नसतो. पण जागा वर्षभर हलत असतात, प्रवेशाच्या पुढच्या राउंडमध्ये मुलं दुसऱ्या कॉलेजला जातात, इंटर्नशिप संपली की इंटर्न खोल्या सोडतात, आणि त्या वेळी ज्याचा अर्ज फाइलला असतो त्याचाच विचार होतो. तुझा अर्ज तिथे नाहीच आहे. तो दे. नाहीच मिळालं तर दादर, परळ, लालबागला एखादी आत्या-मावशी असेल तर निदान इंटर्नल आणि प्रीलिमच्या महिन्यांत तिच्याकडे, किंवा बॅचमधल्या कल्याण-डोंबिवली-वसईच्या मुलींना विचार, तुझ्यासारख्या आणखी दोघी-तिघी नक्की असतील, मिळून पेइंग गेस्टची जागा बघता येईल, वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये विद्यार्थिनींना घेतात का ते पण विचार. हॉस्टेलवर कोणाच्या खोलीत लपून पॅरासाइट म्हणून राहू नकोस, तपासणी झाली की तुझ्यामुळे त्या मुलीची खोली जाते.

अर्ज डीनच्या नावे, वॉर्डनमार्फत, एका पानाचा. त्यात रडगाणं नको, आकडे हवेत. घर ते कॉलेज अंतर, जायला आणि यायला लागणारा वेळ, घरून निघायची आणि पोचायची वेळ, कुठल्या विषयाची किती लेक्चर्स गाडीमुळे गेली ते तारखांसकट, आणि शेवटी "सध्या जागा नसल्यास प्रतीक्षायादीत नाव घ्यावे ही विनंती" हे वाक्य, ते विसरू नकोस, कारण ते नसेल तर "जागा नाही" असा शेरा मारून अर्ज बंद करतात. सोबत पासची झेरॉक्स, रेशन कार्ड नाहीतर आधारची झेरॉक्स, पालकांची सही. बाबांची सही मिळेपर्यंत थांबू नकोस, आई करेल, तिला विचार. दोन प्रती काढ, एक ऑफिसला दे आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून पोच घे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती पोच घेऊन वॉर्डन मॅडमना भेट, नाव कितव्या नंबरवर आलं ते विचारायला.